पाचशे मिली

खाकी पाकीट आलं टपालानं,
आत मासिक, वर चिकटवलेली चिठ्ठी,
डॉक्टर ओगल्यांचं तिरकं अक्षर:
"पुष्पलताबाई, पान एकशे बारा, शेवटून चौथी ओळ."
माझं इंग्रजी औषधाच्या पट्टीपुरतं,
म्हणून भाचीला बसवलं शेजारी.
ती आधी आभारांवर गेली.
मावशी, तू आहेस यात, पण एक एच गळालाय,
घोडकेची गोडके झालीस.
झाले तर झाले, म्हटलं.
पहिल्यापासून वाच.

पुणे शहर आणि पूर्वेकडची गावं.
दोन वर्षं चार महिने.
एक हजार सहाशे एकोणीस बाळंतिणी.
ती वाचत गेली, आणि मला दिसत राहिला
सरकारी दवाखान्याचा खोकणारा पंखा,
आणि चष्मा कपाळावर सारून
सिस्टरांवर ओरडणाऱ्या ओगले बाई:
"थोडं गेलं म्हणजे किती?
बरंच गेलं म्हणजे किती?
अंदाज घरी वापरा, मिठाला!"

त्याआधी आम्ही तसंच लिहायचो.
दोन फडकी भिजली.
लुगडं भिजलं, गादीला लागलं.
मग आली ती प्लास्टिकची पिशवी,
कमरेखाली अंथरायची, तळाशी निमुळती,
अंगावर रेघा, पाचशेची लाल.
पाचशे म्हणजे किती, हे कुणाच्या डोळ्यांत बसेना,
तर बाईंनी कॅन्टीनमधून
कात्रज दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी मागवली
आणि हातोहात फिरवली वॉर्डभर.
"एवढं. एवढं गेलं की मला हाक मारायची,
मी जेवत असले तरी."

तक्ता तीन, भाची म्हणाली, नुसते आकडे आहेत.
वाच.
मृत जन्मलेली: एकतीस.
त्यांची वजनं आम्ही ग्रॅमपर्यंत घेतली होती.
नावाचा रकाना ठेवलाच नव्हता.
काट्यावर मी टॉवेल घालायचे, गार लागू नये म्हणून,
आणि टॉवेलाचं वजन वजा करून लिहायचे.
छापण्यासारखं काही नाही त्यात.

मग त्या नऊ जणी, पाठपुराव्यात न सापडलेल्या.
त्यांच्यासाठी मी लुना घेऊन हिंडले
केशवनगर, मांजरी, पार थेऊरच्या फाट्यापर्यंत.
एका ठिकाणी भट्टी विझलेली, ट्रक निघून गेलेला,
बाभळीच्या फांदीवर झोळीच्या दोरीचा वळ तेवढा.
तेच लिहून आणलं फॉर्मवर.
बाई म्हणाल्या, याला रकाना नाही.
जरा वेळानं म्हणाल्या, असू दे.

शेवटून चौथी ओळ आली.
भाचीनं दोनदा वाचली, मग मराठीत सांगितली:
मुळात रक्त कमी असलेल्या स्त्रीच्या बाबतीत
रेघ येण्याची वाट पाहू नये.

गंमत आहे, ती म्हणाली,
इतर प्रत्येक वाक्याच्या शेवटी बारीक आकडा आहे,
कुठून घेतलं त्याचा.
याला नाहीये.

धुरपता केंगार.
वय बावीस, मुंढव्याची वीटभट्टी, हिमोग्लोबिन सहा.
पिशवीत तीनशे ऐंशी.
ती म्हणाली, बाई, दिवा बारीक केला का कुणी?
मी वर पाहिलं. ट्यूब होती तशीच.
मी खाली पाहिलं. लाल रेघ अजून दोन बोटं लांब.
मी रेघेकडे बघत उभी राहिले.
किती वेळ, त्याची नोंद नाही.
मग हाक मारली.
बाई जेवत नव्हत्या, धावतच आल्या,
पण.

त्यांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही.
सहा वर्षांनी ही ओळ पाठवली.

भाची म्हणाली, एचचं कळवू का त्यांना?
नको म्हटलं.

दूध आणायला अजून मीच जाते पहाटे.
पिशवी घेतली की तळहातावर तोलते,
सवय आहे.
दुकानातला पोरगा म्हणतो, काय आजी, गळतीये का?
खालचा हात कोरडाच असतो.
तरी बघते.